हा-हाच्या चरातली मेंढी

चालायला म्हणून कुणी गाडीत बसून परगावी जातं, हे मला गेल्या मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. कराडात आम्ही चालतो ते सकाळी, घाटापर्यंत आणि परत, आणि तेही डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून दटावल्यावर. त्यामुळे वन्सं जेव्हा म्हणाल्या, "शुक्रवारी निघू, रविवारी परत. तीन दिवस नुसतं चालायचं," तेव्हा मी सरळ विचारलं, "कुठपर्यंत?"

"कुठपर्यंत म्हणजे? चालायचं आणि फिरून गाडीपाशी यायचं."

"मग गाडीपासून निघायचंच कशाला?"

वन्संनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मला बुटांच्या दुकानात नेलं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, सुमन. वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घ्यायला कॅनडात ग्वेल्फला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. तीसहून जास्त वर्षं आसपासच्या खेड्यांतून गाई, घोडे, मेंढ्या तपासत हिंडल्या आणि आता निवृत्त होऊन घरात एकट्याच राहतात. मी त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. शाळेत मुलींना शिवणकाम शिकवलं, बस्स. आमच्या घरचे हे विमानाला घाबरतात, त्यामुळे मी एकटीच गेले होते. जाताना ह्यांनी मला एक काम दिलं होतं. "ताई एकटी आहे, वय झालंय. घर विकून इकडे ये म्हणावं. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल." पस्तीस वर्षांत वन्संनी माझं नेमकं काय ऐकलं होतं ते मला आठवेना, पण मी मान डोलावली.

ग्वेल्फला येऊन तीन आठवडे झाले तरी हा विषय काही माझ्या तोंडून बाहेर पडला नव्हता. वन्सं सकाळी सहाला उठून अंगणातली माती उकरत, दुपारी लायब्ररीत जात, संध्याकाळी शेजारच्यांच्या कुत्र्याचे कान तपासत. घर विका म्हणायला त्यांना एका जागी बसलेलं तर बघायला हवं! चालताना बोलू, असं मी ठरवलं.

शुक्रवार : नदीकाठची वाट

आम्ही चालणार होतो थॉर्नली हॉलच्या भोवतीच्या वाटांवरून. नाव ऐकून मला वाटलं, लग्नाचा हॉल असेल. हे निघालं एक जुनं इंग्रजी जमीनदारी घर. पूर्वी कधीतरी इंग्लंडहून आलेल्या एका निवृत्त आरमारी कप्तानाला घरची इतकी आठवण यायची, की त्याने ग्रँड नदीच्या काठी जंगल तोडून तिकडचं घर, बाग, तळं, मेंढ्यांचं कुरण, सगळं जसंच्या तसं पुन्हा मांडलं. आता ते एका विश्वस्त मंडळाकडे आहे. रविवारी आतून बघता येतं, आणि भोवतीच्या वाटा मात्र रोज सगळ्यांना मोकळ्या.

एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात वन्संनी गाडी लावली आणि पहिला हुकूम सोडला. "सॉक्स सलवारीच्या वरून घे."

"अहो, हे कसलं ध्यान दिसेल!"

"दिसू दे. गवतात टिक्स असतात. टिक्स म्हणजे गोचीड."

गोचीड म्हटल्यावर मी लगेच वाकले. आमच्या माहेरच्या म्हशींच्या कानामागच्या गोचिड्या मी लहानपणी पुष्कळ काढल्या आहेत. कॅनडात येऊन आपणच म्हैस होऊ असं मात्र वाटलं नव्हतं.

वाट म्हणजे खरं तर वाट नव्हतीच. झाडांच्या बुंध्यांवर बोटभर रुंदीचे पांढरे पट्टे रंगवलेले. एक पट्टा गाठायचा आणि पुढचा शोधायचा. पट्टे आम्हाला नदीवरून जंगलात, जंगलातून थेट कुणाच्या तरी नांगरलेल्या शेताच्या कडेला घेऊन गेले. मी थबकले. "मालक काही म्हणणार नाही?"

"त्यानेच परवानगी दिलीय. चालणाऱ्यांनी बांधावरून जायचं, फाटक बंद करायचं, बस."

आमच्याकडे बांधावरून पाय घसरला तरी भाऊबंदांच्या दोन पिढ्या कोर्टात जातात. मी जरा दबकतच ते शेत पार केलं. पलीकडे ट्रॅक्टरवरच्या माणसाने हात उंचावला, तेव्हा मी वन्संच्या आड झाले. तो नुसता नमस्कार करत होता. इथे वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस काहीतरी बोलल्याशिवाय पुढे जात नाही. छान हवा आहे, चिखल आहे, पुढे दोन हरणं आहेत.

कुंपण आलं की ओलांडायला लाकडी शिडी असते, दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेली. तिला स्टाइल म्हणतात. वन्सं तीन पावलांत पलीकडे. मी वर चढले, एक पाय पलीकडे टाकला आणि माझी कमीज खिळ्याला अडकली. ना इकडे ना तिकडे. तेवढ्यात कुरणातल्या सात-आठ गाई चरणं सोडून माझ्यासमोर अर्धवर्तुळ करून उभ्या राहिल्या.

"वन्सं, ह्या काय बघताहेत?"

"बघू दे. इथे त्यांना टीव्ही नसतो."

कमीज वीतभर फाटली. आजही ती मी टाकलेली नाही.

जंगलात तीन पाकळ्यांची पांढरी फुलं जमिनीवर पसरली होती, जिथवर नजर जाईल तिथवर. ट्रिलियम. मी एक तोडायला वाकले तर वन्संनी हाताला धरून उठवलं. तोडलं तर ते रोप कित्येक वर्षं पुन्हा फुलत नाही म्हणे. देवाला फुलं वाहणाऱ्या माणसाला हे जड गेलं, पण हात जोडून पुढे निघाले. नदीच्या वळणावर लाल खांद्यांचा एक काळा पक्षी आला आणि त्याने माझ्या अंबाड्यावर दोनदा चोच मारली. वन्सं म्हणाल्या, जवळ घरटं असणार. मग मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि थेट गावाकडच्या सुनेसारखी चालू लागले.

या सगळ्या मुलुखाचा नकाशा वन्संच्या डोक्यात होता, आणि तो जनावरांचा होता. "तो लाल गोठा दिसतो ना? तिथल्या एका गाईच्या पोटातून मी तारेचा तुकडा काढला होता." "त्या टेकडीवर एक बैल होता, महा हलकट." माणसांची नावं त्यांना आठवत नव्हती, बैलाचं नाव मात्र चटकन आठवलं. इतक्या आनंदाने बोलत होत्या की घर विकायची गोष्ट मी पुन्हा गिळली.

मुक्काम ईलेन नावाच्या बाईंकडे होता. त्या पूर्वी शाळेची बस चालवायच्या, आता घरातल्या दोन खोल्या चालणाऱ्यांना राहायला देतात, जेवणही करून घालतात. आम्ही मांस खात नाही हे कळवलं होतं, म्हणून त्यांनी चीज घातलेली मॅकरोनी केली होती. चव बरी, पण अगदी बाळबोध. मी पिशवीतून ठेच्याची बाटली काढली. ईलेनबाईंनी कुतूहलाने चमचाभर घेतला. वन्सं "नो, नो, लिटल!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. बाई लालबुंद झाल्या, पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि बशी पुढे करून म्हणाल्या, "पुन्हा."

मग त्यांनी गोड म्हणून पॅनकेक आणि मेपल सिरप आणलं. मी चाखलं आणि म्हटलं, "अहो, ही तर काकवी!" गुऱ्हाळावरची पातळ काकवी थोडी जळकट लागावी, तशी चव. झाडाला भोक पाडून रस काढतात आणि कढईत आटवतात, हे ऐकल्यावर तर मला फारच जवळचं वाटलं. सिरपच्या दुसऱ्या बाटलीचं झाकण उघडायला वन्संनी हातात घेतलं. दोनदा पिरगाळलं, बाटली शांतपणे टेबलावर ठेवली आणि हवामानाबद्दल बोलू लागल्या. मी ते पाहिलं.

शनिवार : हॉलच्या मागचं कुरण

सकाळी ऊन स्वच्छ होतं. आम्ही घरून आणलेली थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून घेतली आणि हॉलच्या मागच्या बाजूने निघालो. दुतर्फा जुनी झाडं, मधून गवताची रुंद वाट, आणि वाटेच्या टोकाला फिक्या पिवळ्या दगडाचं ते घर. खिडक्या मोजायचा प्रयत्न केला, पण पाखरांच्या नादात चुकले. आत कुणी नव्हतं. समोर हिरवळ, आणि हिरवळीवरच मेंढ्या चरत होत्या.

"एवढी राखलेली हिरवळ, आणि मेंढ्या सोडल्यात?" मी म्हटलं.

"जवळ जाऊन बघ."

जवळ गेले आणि पाय हवेत जायचा तेवढा राहिला. हिरवळ मध्येच संपत होती. खाली माणूसभर खोल चर, घराच्या बाजूला उभी दगडी भिंत, कुरणाच्या बाजूला उतार. घरातून पाहिलं की चर दिसतच नाही. सगळं एकसंध हिरवं वाटतं आणि मेंढ्या मात्र बागेत येऊ शकत नाहीत.

"याला हा-हा म्हणतात," वन्सं म्हणाल्या.

"काय म्हणतात?"

"हा-हा."

"अहो, हसताय काय? नाव सांगा ना."

"मंगल, हसत नाहीये. नावच हा-हा आहे."

यावर मग आम्ही दोघीही इतक्या हसलो की मला भिंतीच्या काठावर बसावं लागलं. आणि बसले म्हणूनच मला ती दिसली. चराच्या तळाशी, पन्नासेक पावलांवर, पांढरं काहीतरी पडलेलं, आणि त्यातून चार काळे पाय आकाशाकडे. पाय हलत होते.

वन्संचं हसू क्षणात थांबलं. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई कुरणाच्या बाजूला फिरून उतारावरून जवळजवळ घसरतच खाली गेली. मी मागोमाग. गाभण मेंढी पाठीवर उताणी पडली होती. लोकर आणि पोटाच्या ओझ्याने तिला उलटता येत नव्हतं. वन्सं म्हणाल्या, अशी पडून राहिली तर पोटात वायू धरतो आणि जनावर मरतं. आम्ही दोघींनी लोकर धरून तिला कुशीवर ओढलं, मग पायांवर उभं केलं. ती दारू प्यायल्यासारखी झुलत होती. मी तिला गुडघ्यांनी आधार देऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मेंढीला हात लावला होता. लोकर वरून खरखरीत आणि आत बोटं घातली की तेलकट, गरम.

वन्सं मागे गेल्या आणि तिथेच खाली वाकल्या.

"काय झालं?"

"ही अडलीय."

मी वाकून पाहिलं. शेपटीखाली एक इवलंसं नाक बाहेर आलं होतं, नाकाखाली एक खूर. एकच. जीभ बाहेर, सुजलेली, निळसर.

"दोन्ही पाय पुढे यायला हवेत. एक मागे दुमडलाय. खांदा अडकतो." वन्संनी खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. मेंढ्या पाळणाऱ्याचं घर पलीकडच्या टेकडीवर, जाऊन यायला अर्धा तास. "अर्धा तास पिल्लाकडे नाहीये," त्या म्हणाल्या. त्यांनी बाटलीतलं पाणी हातांवर ओतलं, खिशातल्या सॅनिटायझरने कोपरापर्यंत चोळलं. "तेल आहे?"

माझ्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली होती, पायांना चोळायला आणलेली. त्यांनी हातभर तेल लावलं, मेंढीला आडवं केलं, गुडघे टेकले आणि हात आत घालायला सुरुवात केली. मेंढी विव्हळली. मिनिटभर गेलं. वन्संच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हात बाहेर काढला आणि नुसता मांडीवर ठेवला. तेव्हा मी तो नीट पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं, बोटांचे सांधे सुजलेले.

"जात नाही," त्या म्हणाल्या. "आणि गेला तरी मला पकडता येत नाही, मंगल. अंगठ्यात जोरच नाही." आवाज अगदी साधा होता, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"बांगड्या काढ."

"काय?"

"उजव्या हातातल्या. डाव्या राहू दे. तुझा हात लहान आहे. कितीच्या घालतेस?"

"दोन-दोनच्या. पण वन्सं, मी कसं... मला काहीसुद्धा..."

"मला येतं. हात तुझा, डोकं माझं. चल."

कासाराने माझ्या लहान हाताचं नेहमी कौतुक केलं होतं. त्याचा असा उपयोग होईल हे त्यालाही वाटलं नसेल. हिरव्या बांगड्या आणि एक पाटली ओढणीत गुंडाळली. हात धुतले, तेल चोपडलं. वन्सं मेंढीच्या डोक्याशी बसल्या, मान मांडीवर घेतली. म्हणजे मी काय करतेय ते त्यांना दिसतही नव्हतं.

"बोटं जुळव, चोचीसारखी. पिल्लाच्या हनुवटीखालून आत. हळू. ती कळ देईल तेव्हा थांब, जोर लावू नकोस."

गेला हात. आत इतकी ऊब असेल असं वाटलं नव्हतं. लगेच कळ आली आणि माझं मनगट असं आवळलं गेलं की डोळ्यांत पाणी आलं.

"थांब. श्वास घे. तू, ती नाही. गेली कळ? आता काय लागतंय?"

"ओलं काहीतरी."

"सगळंच ओलं असतं, मंगल! मान शोध. मानेवरून खांदा."

"हं. खांदा. हा बहुतेक खांदा."

"त्याच्यावरून मागे जा. गुडघा लागेल, दुमडलेला."

मी डोळे मिटले. पंचवीस वर्षं मुलींना शिकवलं होतं, अस्तराची बाही उलटवताना बघत बसू नका, आत बोट घाला आणि टोक बोटानेच ओळखा. टोक सापडलं की ते चिमटीत धरून अलगद बाहेर. मी बघणं सोडून दिलं. बोटाला एक कोपरा लागला, टणक, घसरडा. कोपऱ्याखालून एक बारीक काठी. आणि काठीच्या टोकाला, अगदी खाली, खूर.

"सापडला!"

"गुड. आता नीट ऐक. खूर मुठीत झाक. उघडा ओढलास तर आईची पिशवी फाटेल. मुठीत झाक, गुडघा मागे लोट, आणि खूर तुझ्याकडे आण."

पुन्हा कळ. पुन्हा थांबले. हात बधिर होत होता. मेंढी आता कण्हतही नव्हती, ते मला जास्त भीतीदायक वाटलं. कळ ओसरली तसा मी गुडघा लोटला, खूर मुठीत घेऊन ओढला, आणि आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या क्षणी माझ्या हातात दोन खूर होते.

"दोन आहेत! वन्सं, दोन!"

"आता कळेबरोबर ओढ. सरळ नाही, खाली, तिच्या पायांकडे. ओढ! अजून!"

डोकं आलं, खांदे आले आणि मग सगळं पिल्लू एकदम घरंगळत माझ्या मांडीवर. पिवळ्या चिकट द्रवाने माखलेलं, लांबलचक, आणि निपचित. हलत नव्हतं.

"हे... वन्सं, हे..."

वन्सं गुडघ्यांवर सरकत आल्या. तोंडातला चिकटा बोटाने काढला. गवताची काडी तोडून पिल्लाच्या नाकपुडीत घातली आणि फिरवली. "चोळ! ओढणीने चोळ, जोरात, छातीवर!" बांगड्या गवतात ओतून मी ओढणीने चोळायला लागले. मुलाला न्हाऊ घालून पुसतात तशी नाही, भांडी घासतात तशी. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग पिल्लाला शिंक आली. एवढीशी शिंक. मान हलली, आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज करत ते ओरडलं.

मी रडत होते. वन्संनी पिल्लू उचलून मेंढीच्या तोंडाशी ठेवलं. तिने डोकं वर केलं आणि चाटायला सुरुवात केली. घशातल्या घशात ती काहीतरी बोलत होती, खोल आणि बारीक. वन्सं म्हणाल्या, हा आवाज मेंढी फक्त आपल्या नव्या पिल्लाशी बोलताना काढते.

तेवढ्यात वरून इंजिनाचा आवाज आला. चार चाकांच्या उघड्या गाडीवरून एक तांबड्या दाढीचा माणूस उतरला. हा डग, मेंढ्यांचा मालक. मोजणीत एक कमी भरली म्हणून शोधत आला होता. चरात त्याला दिसल्या सॉक्स सलवारीवर घेतलेल्या दोन म्हाताऱ्या, खोबरेल तेलाची बाटली, गवतात विखुरलेल्या हिरव्या बांगड्या आणि त्याची मेंढी.

"ओह, बॉय," तो म्हणाला.

वीस मिनिटांनी दुसरं पिल्लू आलं, आपलं आपणच, कुणालाही त्रास न देता. चौघांनी मिळून आम्ही सगळ्यांना गाडीत चढवलं. चौथी म्हणजे मेंढी, आणि तिने मदत केली असं म्हणवत नाही.

संध्याकाळी, आठ वाजले तरी लख्ख उजेड होता, आम्ही ईलेनबाईंच्या व्हरांड्यात बसलो. माझं मनगट सुजलं होतं. वन्संनी त्यावर बर्फाची पिशवी बांधली, तीही गाठ त्यांना नीट मारता येईना.

"किती दिवस झालं हे?" मी विचारलं.

"दोन वर्षं. डबे उघडत नाहीत, बटणं लागत नाहीत. एवढंच."

"ह्यांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्याने मला कराडला बोलवायचा अजून एक मुद्दा केला असता. त्यासाठीच तुला पाठवलंय ना? आल्यापासून चार वेळा तोंड उघडून मिटलंस."

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, "हो. घर विकून कायमचं या म्हणून सांगायला."

"कायमचं नाही यायचं मला." त्या समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "पण मागच्या विंटरला ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसताना पडले. कुणाला बोलले नाही. तीन दिवस घराबाहेर पडले नाही. भीती वाटली, मंगल. मला भीती वाटायची सवय नाही."

"मग बर्फापुरतं या."

"म्हणजे?"

"डिसेंबर ते मार्च. चार महिने. तुम्ही तिकडे, घर इकडे. एप्रिलमध्ये परत या आणि माती उकरा."

वन्संनी माझ्याकडे वळून पाहिलं. "असं मला कुणी विचारलंच नाही. सगळे कायमचंच विचारतात."

"मग आता मी विचारते."

"येईन," त्या म्हणाल्या. इतक्या पटकन, की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पण सकाळी फिरायला जाताना तो घाट सोडून दुसरीकडे जाऊ. तीच ती चार माणसं रोज तब्येत विचारतात."

रविवार : परतीची वाट

सकाळी आधी डगच्या गोठ्यात गेलो. दोन्ही पिल्लं उभी होती. माझं पिल्लू, म्हणजे मी त्याला माझंच म्हणते, आईला लुचत होतं आणि शेपटी भिंगरीसारखी फिरत होती. वन्संनी त्याच्या तोंडात करंगळी घालून पाहिली. तोंड गरम, पोट भरलेलं, म्हणजे चीक मिळाला. मी कौतुकाने पुढे झाले तर मेंढीने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पुढचा पाय जमिनीवर आपटला.

"अगं, मी आहे!" मी मराठीतच म्हटलं.

तिने पुन्हा आपटला. डग म्हणाला, हे फार चांगलं लक्षण आहे. नाव काय ठेवणार विचारलं तर म्हणाला, नावं ठेवत नाही, कानात नंबर लावतो. मग जरा थांबून म्हणाला, पण तुमचं नाव काय? मी सांगितलं. त्याने तीनदा म्हणून पाहिलं, "मांगाल, मंगुल, मँगो," आणि शेवटच्यावर समाधान मानलं.

हॉल आतून पाहिला. खरं सांगायचं तर चांदीचे चमचे आणि कप्तानाची तसबीर यापेक्षा माझं लक्ष वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे होतं. तिथून हिरवळ आणि कुरण खरंच एकसंध दिसत होतं. माहिती सांगणारे गृहस्थ म्हणाले, या खिडकीतून हा-हा अजिबात ओळखू येत नाही. वन्संनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच हसू फुटलं असतं.

गाडीपर्यंतची वाट तीन तासांची होती. बोलता बोलता मी एक पांढरा पट्टा चुकवला आणि आम्ही भलत्याच कच्च्या रस्त्याला लागलो. वर ढग भरून आले, बघता बघता पाऊस. झाड नाही, छप्पर नाही. वन्सं मला रागावणार तोच मागून टापांचा आवाज आला. काळी घोडागाडी, काळी टोपी घातलेले आजोबा, शेजारी काळं बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची टोपी, घातलेल्या आजी. या भागात मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक राहतात. मोटार वापरत नाहीत, विजेशीही जेवढ्यास तेवढा संबंध. ते प्रार्थनेहून घरी निघाले होते. आजोबांनी लगाम ओढला आणि मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. विचारपूस वगैरे काही नाही.

कॅनडा बघायला जाऊन मी टांग्यात बसले, हे घरी कुणी खरं मानलं नाही. आजींनी आमच्या गुडघ्यांवर जाड पांघरूण टाकलं. पाऊस टपावर वाजत होता. मी गारठलेले हात पांघरुणात घातले आणि जरा डोळे मिटले.

"एक्स्क्यूज मी," वन्संचा आवाज आला. "तुमचा घोडा मागच्या डाव्या पायावर भार टाकत नाहीये."

आजोबांनी कान देऊन टापा ऐकल्या. गाडी थांबवली. खाली उतरून त्यांनी घोड्याचा पाय उचलला, वाकून पाहिलं आणि मान हलवली. नालेत खडा अडकला होता. त्यांनी अंगठ्याने दोनदा दाबून पाहिलं, पण एका हातात पाय धरायचा आणि दुसऱ्याने खडा काढायचा, हे त्यांच्याही वयाला जमेना.

वन्संनी माझ्याकडे वळून पाहिलं. पण तोवर मी पांघरूण बाजूला करून पावसात उतरले होते आणि उजव्या हाताची बाही वर सारत होते.